दहाचं पाणी

आतोबा जाऊन महिना झाला, तरी त्यांच्या घरातला प्रेशर पंप रोज सकाळी दहाला सुरू होतो आणि नऊ मिनिटांनी थांबतो, असं आत्या सांगायची. भाचा पंपदुरुस्तीवाला. त्याचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता.

"नळ उघडला की टाकीतला दाब पडतो आणि दाब पडला की स्विच पंप लावतो. कुठेतरी गळती असणार. ती काढली, की तू माझ्याकडे राहायला यायचंस."

"आणि नाही सापडली तर?"

"तर मिशा उतरवीन."

"आहेत कुठे तुला?"

गळती घड्याळ बघत नाही, एवढं मात्र त्याला खटकत होतं. तरी त्याने सगळ्या नळांचे वायसर बदलले, पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नवा बसवला. आज सामान न्यायला टेम्पोही दारात आणून उभा केला.

दहाला पाच कमी असताना तो पंपाजवळ दाबाच्या काट्यासमोर बसला. आत्या शेजारी उभी राहिली, खांद्यावर टॉवेल घेऊन. घरात तिसरं माणूस नव्हतं. बाथरूमला बाहेरून कडी होती. काटा तीनवर होता.

दहा वाजले. काटा अडीचवर आला, मग दोनवर. पंप घरघरला.

त्याने घराकडे जाणारा व्हॉल्व्ह आवळून बंद केला. काटा सरळ तीनवर चढला, पंप थांबला, काटा जागचा हलेना. म्हणजे टाकी धड, पंप धड. पाणी घरातच कुणीतरी घेत होतं.

तेवढ्यात बाथरूमच्या पाइपवर टकटक झाली. तीनदा. पाणी गेलं की आतोबा अंगठीने असंच ठोकायचे.

"अरे, तोंडाला साबण आहे त्यांच्या!" आत्या खेकसली. "पाणी काय तोडतोस?"

त्याने व्हॉल्व्ह उघडला. काटा सावकाश उतरू लागला, नळ अर्धाच सोडल्यासारखा. दोनवर येताच पंप पुन्हा घरघरला. आत्या बाथरूमची कडी काढून टॉवेल घेऊन आत गेली.

नऊ मिनिटं होईपर्यंत तो जागचा उठला नाही. पंप थांबल्यावर बाहेर जाऊन त्याने टेम्पोवाल्याला परत पाठवलं.

"आत्या," दारातूनच त्याने विचारलं, "प्रेशर जरा वाढवून ठेवू का?"

"नको रे," आतून आत्या म्हणाली. टॉवेल पिळल्याचा आवाज आला. "त्यांना कमीच लागतं."