घुंगरासारखा वाजणारा फासा

मित्रांनो, मी एक जुना, वीस बाजूंचा चांदीचा फासा आहे. हलवून पाहा, मी वाजतो. असा फासा तुम्ही पाहिला नसेल, कारण फासे वाजायचे नसतातच!

माझा जन्म हुपरीचा. कोल्हापूरच्या अमीन शिंप्याला बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या मामूंनी चौऱ्याऐंशी साली एका खेळाचं पुस्तक आणून दिलं. तिघाचौघांनी टेबलाभोवती बसायचं, कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार. एकाने गोष्ट सांगत न्यायची आणि 'आता तू काय करणार?' असं विचारायचं. ते जमलं की नाही, हे फासा ठरवणार. पुस्तक पोचलं, फासे मात्र प्रवासात हरवले. मग अमीनने हुपरीत चांदीचे पैंजण घडवणाऱ्या कृष्णातला, आपल्या दोस्ताला, गळ घातली. कृष्णातने उरल्यासुरल्या चांदीतून मला घडवलं आणि हाताच्या सवयीने, घुंगरात घालतात तसा, माझ्या पोटात खडा टाकला! शिवाय सांधा जोडताना एका अंगाला झाळ जास्त बसली आणि ते अंग जड झालं. त्यामुळे कसाही टाका, मी बहुतेक वेळा एकावरच थांबायचो.

पहिले काही दिवस माझं फार कौतुक झालं. सुट्टीच्या दिवशी अमीन कापड बेतायच्या टेबलावर खडूने गुहा, विहिरी, किल्ले काढायचा. पण मोठा आकडा म्हणजे यश, आणि माझा तर एक! दूधवाला सयाजी मोठ्या ऐटीत योद्धा व्हायचा आणि पहिल्याच फाशाला विहिरीत पडायचा. नवे लोक एकदा यायचे, ते परत फिरकायचे नाहीत. शेवटी एके दिवशी सयाजी भडकला.

"आज परत हिरीत पडलो तर मी न्हाय येणार बघ!"

"मग खेळच बंद की," कृष्णात म्हणाला. "ह्याला वितळवून जोडवी करतो."

माझ्या पोटातला खडासुद्धा हादरला.

तेवढ्यात शेजारच्या तानूमावशी झंपर न्यायला आल्या.

"हुकं लावायची राहिल्यात, मावशी," अमीन म्हणाला. "तवर बसा की, खेळा आमच्यात."

गोष्टीत गुहेच्या दारात राक्षस उभा होता. हुकं लावता लावता अमीनने त्याची डरकाळी फोडली. सयाजीने तलवार उपसली. मग अमीनने मावशींना विचारलं, "तुम्ही काय करणार?"

"मी? मी आदी पाणी देणार. बसा पावणं, म्हणणार. जेवलाय का, इचारणार."

सयाजी खो-खो हसला. मावशी ओशाळल्या आणि पदर सावरून उठायला लागल्या. पुस्तकात राक्षसाशी फक्त लढाई लिहिली होती. अमीनने मला उचललं. आता एक पडणार, राक्षस मावशींना गिळणार आणि माझी जोडवी होणार! मी पुरता घाबरलो.

पण अमीनने मला मुठीतच धरलं, पुस्तक मिटलं आणि राक्षसाच्या आवाजात तो म्हणाला, "हजार वर्सं हितं हुबा हाय, पर जेवलास का म्हणून कुणी इचारलं न्हाय!"

मावशी परत बसल्या. "अगं बाई! सयाजी, गाठोड्यात भाकरी असंल की. दे त्याला."

आता सयाजीही पुढे सरकला. "पाचच हायत, मावशी!"

"मग फासा टाका," अमीन म्हणाला. "आकडा पडंल तेवढ्या भाकरी तो खाणार. पाचाच्या वर गेला, तर उरलेली भूक तुमच्यावरच भागवतोय बघा."

माझी खोड त्याला चांगलीच ठाऊक होती, मित्रांनो! मावशींनी मला टाकलं. मी छुमछुमत टेबलभर फिरलो, खडूच्या विहिरीवरून गेलो आणि थांबलो. एक!

"एकातच पोट भरलं की त्याचं!" सयाजी ओरडला आणि जागेवरच नाचला. माझ्या एकासाठी वाजलेल्या टाळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या. पुढच्या सुट्टीला मावशी आपल्या जावेलाही घेऊन आल्या, आणि सयाजी तर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता.

हल्ली मी अमीनच्या बटणांच्या डब्यात असतो. खेळणारे जमले की बाहेर निघतो, एरवी पडून पडून काळा होतो. अधूनमधून मला पुसलंत तर बरं वाटेल. पण त्याहून जास्त त्या माणसाला जपा, जे तुमच्या खेळात पहिल्यांदाच आलं आहे आणि ओशाळून उठायला लागलं आहे. तेव्हा मला मुठीत धरा आणि आधी त्याचं ऐका. एकाचा आकडा तर मी पाडणारच आहे. त्या एकाचाही आनंद होईल असा प्रश्न तेवढा तुम्ही शोधा.