वेदीपर्यंत पोचायचं होतं

मी कॅस्मिरच्या गुडघ्यातली मूळपेशी बोलतेय. डॉक्टर मला स्टेम सेल म्हणतात. नाव काही का असेना, काम एकच: जिथे जे झिजलंय, तिथे ते होऊन रुजायचं.

माझा जन्म त्याच्या कमरेच्या हाडातला. तिथे मी वर्षानुवर्षं आयती बसून होते. वसईचा हा माणूस मात्र दुबईच्या हॉटेलात लोकांच्या लग्नाच्या मेजवान्या वाढत उभा. लग्नं त्यांची, गुडघे याचे! उजव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, एका जागी पार फाटली. लेक रोशेलचं लग्न ठरलं तेव्हा तो काठी टेकत होता. "तिचा हात धरून वेदीपाशी मीच चालत नेणार," एवढंच त्याचं मागणं.

मग कमरेत सुई शिरली आणि माझं बिऱ्हाड हललं. मला गुडघ्यातल्या त्या खड्ड्यात बसवलं. डॉक्टर म्हणाले, "छह हफ्ते घुटना मोड़ना नहीं, वजन भी नहीं. फिर चलोगे, इन्शाल्ला."

मी जीव लावून रुजू लागले. दुखणं ओसरलं आणि तिथेच घात झाला. जरा बरं वाटलं की माणूस स्वतःला बरा झालेला समजतो.

तिसऱ्या रविवारी तो कुबड्या घेऊन चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेला. सगळ्यांनी गुडघे टेकले तसा हाही चुळबुळला.

"डॅडी, प्लीज सिट! गॉड नोज अबाउट युअर नी," रोशेलने दटावलं.

तेव्हा बसला. पण मिस्सा संपल्यावर ती गाडी काढायला गेली, बायको डेझी मेणबत्ती लावायला वळली, आणि याने गुडघा सरळ ठेवणारा पट्टा सोडला. बाकावर बसून देवाचे उपकार मानणं त्याला कधी जमलंच नव्हतं. थंडगार संगमरवरावर त्याने दोन्ही गुडघे टेकले.

"थँक यू, देवा. दुखणं खलास."

ते आभार माझ्यासाठी होते हो! जन्मात पहिल्यांदा कुणी माझं नाव न घेता का होईना, कौतुक केलं, आणि त्याच्या सगळ्या वजनाखाली मी उखडले. दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात. मला राग नाही आला, रडू आलं.

डेझी धावत आली. "काय केलंस हे, कॅस्मिर? बसून म्हटलं असतंस तर देवाला ऐकू गेलं नसतं?"

लग्नात रोशेलने हात त्याचाच धरला, पण तिचा भाऊ रॉयडन मागून चाकाची खुर्ची ढकलत होता. आशीर्वादाच्या वेळी सगळ्या चर्चने गुडघे टेकले. कॅस्मिर तेवढा बसून राहिला, डोळे पुसत. देव रागावल्याचं कुणाला दिसलं नाही.

आता मी इथेच विरत चाललेय. डॉक्टर पुन्हा सुई लावतील म्हणे. कमरेत माझ्या बहिणी आहेत अजून. त्यांना नीट रुजू दे, कॅस्मिर. आणि आभार मानायचे झाले तर, बाबा रे, बसून मान.