तहानलेलं पिंप

"दुसऱ्याच्या तळघरात मी बोटसुद्धा लावत नाही," अनातोलने जाहीर केलं. "अडतीस वर्षं पिंपांमध्ये काढली आहेत. शिस्त म्हणजे काय ते मला शिकवू नका, जावईबापू."

हे झालं रविवारी दुपारी. मंगळवारी दुपारी त्याने त्याच तळघरातल्या एका पिंपात ब्याऐंशी लिटर वाइन आणि चांदीचा एक चमचा घातला. वाइनला बोट मात्र खरोखरच लावलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

रविवारी टेबलावर कोंबडी होती, पिवळ्या वाइनमध्ये आणि मलईत शिजवलेली, वर रानातल्या अळंब्या. सोलांजने ती मुद्दाम केली होती. बाप बर्गंडीहून राहायला आला त्याला सहा आठवडे झाले होते आणि अजून त्याने इथल्या, ज्युरा भागातल्या, एकाही पदार्थाला चांगलं म्हटलं नव्हतं.

"बरी आहे," अनातोल म्हणाला. "लाल वाइनमध्ये केली असतीस तर छान झाली असती."

"तुमच्याकडे सगळंच लाल वाइनमध्ये बुडवतात," तिचा नवरा जोएल म्हणाला. "अंडीसुद्धा."

"आणि तुमच्याकडे चीजमध्ये. माणूस तेवढा अजून बुडवायचा राहिलाय."

जोएल हसला नाही. त्याने काटा खाली ठेवला. "बाबा, एकदाच सांगतो. बाकी पिंपं बघा, झाडा, पुसा. पण कोपऱ्यातलं एकटं आहे ना, ते झोपलंय. सहा वर्षं तीन महिने. त्याचं बूच काढायचं नाही, त्यात काही ओतायचं नाही, त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही. पुढच्या रविवारी गावाचा पिवळ्या वाइनचं पहिलं पिंप फोडायचा सोहळा आहे. यंदा सगळ्या गावातून आपलं पिंप निवडलंय. माझं पहिलं पिवळं आहे ते."

मग त्याने नीट समजावूनही सांगितलं. वाइन उडत जाते, वर जागा रिकामी होते, तिथे पांढरी साय धरते, आणि ती सायच खालच्या वाइनला सांभाळते. अनातोलने हे सगळं परधर्मातल्या माणसाचं कीर्तन ऐकावं तसं ऐकलं. शांतपणे, मान डोलावत, आणि एका अक्षरावर विश्वास न ठेवता. मग ते बोटाचं वाक्य बोलला.

बोलायची गरजही होती. समोरच्या कपाटाच्या खणात दीजोंच्या एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक होतं. मुखपृष्ठावर चार म्हातारे लोखंडी गोळे फेकत हसत होते. सोलांजने ते कधी दाखवलं नव्हतं, पण चमचे त्याच खणात असत आणि अनातोल दिवसातून तीनदा कॉफी पीत असे. "हिवाळाभर राहा, मग बघू," असं ठरलं होतं. ‘मग’ जवळ येत चालला होता.

अनातोलचं आयुष्य सांगायला फारसा वेळ लागत नाही. बर्गंडीतल्या एका मोठ्या घराण्याच्या तळघरात तो कामाला होता. दर सोमवारी लांब तोंडाची झारी घेऊन तीनशे पिंपांवरून फिरायचं. वाइन लाकडातून उडते, बोटभर उतरते, तेवढी भरायची. पिंप काठोकाठ हवं. रिकामी जागा म्हणजे हवा, हवा म्हणजे व्हिनेगर, आणि व्हिनेगर म्हणजे मालकाचा आरडाओरडा. त्या वाइनची बाटली काही त्याने विकत घेतली नाही. घरी तो नाक्यावरची प्यायचा. पण एकही पिंप त्याच्या हाताखाली तहानलेलं राहिलं नाही. पुढे त्याची बायको इर्मा अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या उशाशी पाण्याचा पेला असे. बोटभर उतरला की तो भरायचा. ती गेली त्या सकाळी पेला काठोकाठ होता.

सोमवारी तो झाडू घेऊन तळघरात उतरला. कोपऱ्यातल्या पिंपाजवळून जाताना त्याने सवयीने बोटाच्या पेरांनी लाकडावर टकटक केली. भरलेलं पिंप ‘धप्प’ म्हणतं. हे ‘ठण्ण’ म्हणालं. त्याने थोडं खाली वाजवलं. ठण्ण. आणखी खाली. ठण्ण. एक तृतीयांश पिंप रिकामं होतं.

त्या दिवशी तो जेवला नाही. "बरं नाही का?" सोलांजने विचारलं.

"तुझा नवरा," अनातोल म्हणाला, "माणूस म्हणून चांगला आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही."

मंगळवारी ती दोघं सोहळ्याच्या बैठकीला गेली. अनातोलने फक्त बूच काढून बघायचं ठरवलं. बघण्याला कोणाची हरकत नसते. विजेरीचा उजेड आत पडला आणि त्याला ती साय दिसली. पांढुरकी, सुरकुतलेली, म्हाताऱ्याच्या कोपरावरच्या कातडीसारखी. अडतीस वर्षांत त्याने असा प्रकार पाहिला नव्हता. बिचाऱ्या पोराला कोणी शिकवलंच नाही, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने कॉफीचा चमचा आणला, सोलांजच्या विणायच्या सुईला दोऱ्याने बांधला आणि साय काढायला सुरुवात केली. बरीचशी निघाली. मग गाठ सुटली आणि चमचा आत गेला. टुपुक.

त्यानंतर त्याने झारी घेतली. पलीकडच्या स्टीलच्या टाकीत गेल्या वर्षीची वाइन होती, त्याच जातीच्या द्राक्षाची. एवढी काळजी त्याने घेतली. आठ झाऱ्या आणि वर दोन लिटर. पिंप काठोकाठ भरलं. त्याने बूच ठोकलं, फडक्याने पुसलं आणि वाजवून पाहिलं. धप्प.

त्या संध्याकाळी त्याने धुरावलेलं सॉसेज आणि बटाटे तीनदा वाढून घेतले आणि वर ओतलेलं वितळलेलं चीज पावाने पुसून खाल्लं.

"इथलं खाणं वाईट नाही," तो म्हणाला.

सोलांज खणात शोधत होती. "एक चमचा सापडत नाहीये. जोएलच्या आजीचे बारा होते. अकराच आहेत."

"मोजायला चुकली असशील," अनातोल म्हणाला.

गुरुवारी सोहळ्याचा अध्यक्ष ओक्ताव पिंप बघायला आला. ओक्ताव चीज पिकवायच्या गुहेचा मालक. चीजच्या चाकासारख्या गोल लादीवर छोटी हातोडी मारायची आणि आत चीर आहे की नाही ते आवाजावरून सांगायचं, हा त्याचा धंदा. चाळीस वर्षांत हातोडी हाताला चिकटली होती. तो दारं वाजवायचा, टेबलं वाजवायचा, नातवंडांची डोकीही वाजवून बघायचा. पिवळ्या वाइनकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्याने दोन वर्षं मुरलेल्या कोंते चीजचा तुकडा आणि खिसाभर अक्रोड आणले होते.

"तर हे नवरदेव," तो म्हणाला आणि त्याने पिंपावर हातोडी मारली.

धप्प.

ओक्तावने हातोडीकडे पाहिलं. मग पुन्हा मारली. "जोएल, हे भरलंय."

"कसं भरेल? सहा वर्षं झाली."

"मला चीज कळतं आणि लाकूड कळतं. हे काठोकाठ भरलंय. थेंबभरसुद्धा उडालेली नाही." त्याने टोपी काढली. "माझ्या बापाने असं एकदा ऐकलं होतं म्हणे. जोएल, हा चमत्कार आहे. फादरना सांगायला हवं. वर्तमानपत्रात येईल."

जोएल पांढराफटक पडला होता, पण चमत्कार या शब्दाने त्याला थोडा धीर आला. अनातोल झाडूला टेकून उभा होता. त्याने गप्प राहायचं होतं, बस. फादर आले असते, फोटो निघाले असते, आणि पुढे जे व्हायचं ते देवाच्या नावावर गेलं असतं. पण दोन तासांचं काम, आठ वेळा वाकून उचललेली झारी, आणि नाव भलत्याचंच होणार.

"चमत्कार कसला?" तो म्हणाला. "ब्याऐंशी लिटर. झारीने. मोजून घातले."

जोएल स्टुलावर बसला.

"साय?" त्याने विचारलं.

"काढली. स्वच्छ."

"कशाने?"

अनातोलने झाडूकडे पाहिलं. "चमच्याने."

जिन्यात सोलांज उभी होती. "माझा चमचा?"

"आत आहे."

ओक्तावने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "पाहुणे," तो म्हणाला, "तुमच्या बर्गंडीच्या सरदारांनी पूर्वी आमचा मुलूख घेतला, तर त्यांना सैन्य लागलं. तुम्ही झारीवर भागवलंत."

"ते तहानलेलं होतं," अनातोल म्हणाला.

जोएलने काचेची नळी आत सोडून सगळ्यांना थोडी थोडी वाइन काढली. त्यांनी चीज चावलं, अक्रोड चावले, वाइन तोंडात फिरवली. एक म्हातारी चव होती आणि तिच्यासमोर एक अगदी कोवळी. दोघींची ओळख झालेली नव्हती.

"चुलत्याला पुतण्याच्या वर्गात बसवावं, तसं लागतंय," ओक्ताव म्हणाला. "वाईट नाही. पण हिला पिवळी म्हणता यायचं नाही."

"मग काय म्हणायचं?" सोलांजने विचारलं.

"काहीच नाही. हिला नावच नाही."

रविवारी सोहळ्यात त्याऐवजी शेजाऱ्याचं पिंप फोडलं. बँड वाजला. ओक्ताव पिवळा झगा घालून भाषण करत होता. जोएल शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. शेजाऱ्याची वाइन उत्तम होती. अक्रोडाचा वास गल्लीपर्यंत येत होता. अनातोलच्या हातात चीजची ताटली कोणीतरी दिली होती. ती त्याने शेवटपर्यंत तशीच धरून ठेवली.

घरी आल्यावर सोलांजने खणातून माहितीपत्रक काढलं आणि टेबलावर ठेवलं. गोळे फेकणारे म्हातारे अजून हसत होते.

"उद्या फोन करते," ती म्हणाली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

"जागा चांगली दिसते," अनातोल म्हणाला. "गोळे मी कधी खेळलो नाही. पण शिकेन."

जोएल बूट काढत होता. एक काढून झाला, तेव्हा तो बोलला. "त्या पिंपाचं काय करायचं मग? विकता येत नाही. ओतून द्यायला जीव होत नाही. आपण दोघं किती पिणार?"

"म्हणजे?"

"ज्याने भरलं त्याने संपवायला मदत करावी. पिंप संपेपर्यंत राहू दे त्यांना. मग बघू."

हा राग होता की आणखी काही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याने दुसरा बूट काढला.

"संपेपर्यंत," अनातोल म्हणाला.

"पूर्ण रिकामं होईपर्यंत."

तेव्हापासून रोज टेबलावर त्या पिंपातल्या वाइनचा जग येऊ लागला. ट्राउट माशाबरोबर, सॉसेजबरोबर, शुक्रवारी नुसत्या बटाट्यांबरोबर. सोलांज कोंबड्याही त्यातच शिजवू लागली. ओक्ताव आठवड्यातून दोनदा जेवायला यायचा, वाइनला नावं ठेवायचा आणि तीन पेले प्यायचा. अनातोल दरवेळी म्हणायचा, "चव सुधारतेय." मार्च गेला. एप्रिल आला. वेलींना कोंब फुटले.

ईस्टरच्या सोमवारी जोएल जग घेऊन तळघरात उतरला. दहा आठवडे झाले होते. अर्धं तरी उतरलं असेल म्हणून त्याने पिंपावर पेरांनी टकटक केली.

धप्प.

त्याने टाकीकडे पाहिलं. बाजूच्या काचेच्या नळीत वाइन दोन हात खाली गेली होती. झारी भिंतीशी पालथी घातलेली होती आणि तिच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. शेजारी सोलांजची विणायची सुई होती, टोकाला सुटलेला दोरा. जोएलने बोटाने तो थेंब पुसला. मग त्याने जग भरला आणि वर आला.

"अजून किती उरलीय?" सोलांजने विचारलं.

अनातोल ताटातल्या कोंबडीचं हाड बारकाईने बघत होता.

"बरीच आहे," जोएल म्हणाला आणि त्याने सासऱ्याचा पेला भरला.

जेवणानंतर कॉफी झाली. सोलांजने चमचे धुतले, पुसले आणि खणात ठेवताना सवयीने मोजले. दहा होते.