आठ नंबरच्या वाडीचं शून्य

माझ्या गणिताने आठ नंबरच्या वाडीला डेंग्यूचा धोका शून्य दाखवला आणि त्याच आठवड्यात तिथली पाच पोरं इस्पितळात दाखल झाली. पाऊस, तापमान, डासांचं आयुष्य, दर शुक्रवारी टाक्यांत मोजलेल्या अळ्या, सगळं मांडून चार महिने मी त्या समीकरणांशी डोकं फोडत होते. आरोग्य कार्यालयातले आमचे साहेब मात्र निवांत. म्हणाले, "खोनकेन शहराच्या जत्रेत चावले असतील डास. गणितात शून्य आहे ना? मग उद्या फवारणी तीन नंबरला." पथक एकच. वैतागून मी स्कूटर काढली.

वाडीतल्या अळ्या तिथलीच आरोग्य स्वयंसेविका लम्दुआन मावशी मोजते. ती खांबांवर उभ्या घराखालच्या बाजेवर बसून कच्ची पपई तासत होती.

"मावशी, सोळा आठवडे एकाही टाकीत एकही अळी नाही?"

"नाही म्हणजे नाही. शुक्रवारी सगळं लख्ख असतं."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी मी भोंग्यावरून सांगते ना, उद्या तपासणी, टाक्या घासून ठेवा. न सांगता कुणाच्या न्हाणीघरात शिरायचं का? अळ्या निघाल्या तर बिचाऱ्यांची चारचौघांत शोभा! तुला चाललं असतं?"

मला किंचाळावंसं वाटलं. पण आमच्याकडे मोठ्यांवर आवाज चढवत नाहीत, म्हणून मी दात आवळून हसले. चार महिने मी गुरुवारच्या घासाघाशीचं गणित मांडत होते!

"मावशी, या भिडेपायी माझं सगळं काम मातीत गेलं हो. खोटे आकडे..."

"खोटा एकही नाही हं! दिसलं तेच लिहिलं." तिने सुरी थांबवली. "आणि तापाचं काय केलंस गं? मोजणीच्या तिसऱ्या आठवड्यात कळवला होता. आमच्या नातीचा. ताप काही भोंग्यावरून सांगून घासता येत नाही, पोरी."

तो आकडा मला चांगलाच आठवत होता. अळीच नाही तर ताप कुठून येणार, नोंदच चुकली असेल, असं ठरवून मी तो पुसला होता. त्यानंतर आलेख काय सुरेख बसला होता! आठवडाभर मी तो सगळ्यांना दाखवत फिरले होते. आता स्वतःचीच लाज वाटली.

मी तिथूनच फोन लावला. "साहेब, पथक आठ नंबरला पाठवा. इथला पहिला ताप तिसऱ्याच आठवड्यात आला होता. तो मी पुसला."

मावशीने मान वळवली आणि काही ऐकूच न आल्यासारखी खसाखसा पपई तासू लागली.