दोन बॉयलरचं घर

घरातली हीटिंगची सगळी व्यवस्था धुऊन घेण्यात ल्युबिंकाचा फायदा होता, तो असा. नऊच्या नऊ रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापणार, गॅसचा नवा बॉयलर कुरकुर न करता चालणार, आणि एकदा तो नीट चालायला लागला की मागच्या खोलीतला लाकडाचा जुना बॉयलर भंगारात जाणार. पहिले दोन फायदे सगळ्या घराचे, तिसरा एकट्या तिचा. सत्तावीस हिवाळे तिने त्या जुन्याच्या तोंडात लाकडं कोंबली होती आणि पोटातली राख उपसली होती. आता जिना चढताना तिचे गुडघे त्याच नोकरीचं पेन्शन देत होते. गॅस येऊन चार वर्षं झाली तरी तो जागचा हलला नव्हता, कारण तिचा नवरा रादिवोय म्हणायचा, "असू दे. उद्या गॅस बंद झाला तर?" सर्बियातल्या त्यांच्या वर्शाच गावात हा 'उद्या' जवळजवळ प्रत्येक घराच्या मागच्या खोलीत ठेवलेला असतो.

फेरी नावाचा मिस्त्री डिसेंबरच्या सुरुवातीला आला. दिवसभर त्याने पाइपांतून औषधाचं पाणी फिरवलं. आधी शाईसारखं काळं निघालं, मग चहासारखं, आणि अंधार पडायच्या सुमाराला स्वच्छ.

"शेजारी, जुन्याचं काय करायचं?" त्याने रादिवोयला विचारलं. "धुऊ की कापून काढू?"

"त्याला हात लावू नकोस. वापरतंय कोण त्याला?"

"वापरत नाही, तर ठेवलाय कशाला?"

"असू दे म्हटलं ना! धुतलास तर त्याचे वेगळे पैसे लावशील."

फेरीने ल्युबिंकाकडे पाहिलं, ल्युबिंकाने फरशीकडे. मग त्याने दोन बॉयलरांमधला व्हॉल्व्ह घट्ट बंद केला, त्याची लाल मूठ काढली आणि खिशात टाकली. "याच्या पोटात तीस वर्षांचा गाळ आहे," तो म्हणाला. "हा उघडलात, की आजचं सगळं काम पाण्यात."

दहा दिवस घर उबदार होतं. ल्युबिंका जाता-येता रेडिएटरच्या खालच्या कडेला हात लावून बघायची आणि मागच्या खोलीत कपड्यांची दोरी कुठून कुठे बांधायची ते मनात मोजायची. रादिवोयने शब्द दिला होता, स्लावा पार पडला की जुना बाहेर.

स्लावा म्हणजे ऑर्थोडॉक्स सर्बांमध्ये घराण्याच्या संताचा दिवस. त्यांचा संत निकोला, एकोणीस डिसेंबरचा. त्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं. ज्याला ठाऊक आहे तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवता येत नाही. यजमानाने बसायचं नाही. मेणबत्ती जळतेय तोवर पाहुण्यांपाशी उभं राहून ग्लास भरायचे.

या वर्षी आदल्या दिवसापासून कोशावा, हाडं गोठवणारा वारा, सुटला होता. घरात बावीस अंश होते. रादिवोयला सव्वीस हवे होते, कारण त्याची थोरली बहीण झागोर्का गेल्या वर्षी भर टेबलावर म्हणाली होती, "रादिवोयकडे यायचं तर कोट काढायचा की नाही, ते आधी विचारून यावं लागतं."

सकाळी ल्युबिंका मासे तळत होती. मागून लाकूड तडतडल्याचा आवाज आला. ती गेली तर जुना पेटलेला, आणि रादिवोय पाना लावून मूठ नसलेला व्हॉल्व्ह फिरवतोय.

"काय चाललंय?"

"गॅसला जरा हातभार."

"फेरी काय सांगून गेला?"

"फेरीला नाही उभं राहायचं आज झागोर्कासमोर."

व्हॉल्व्ह उघडला. तासाभरात गॅसचा बॉयलर घेवडा शिजल्यासारखा बुडबुडायला लागला. मग आत कुणी हातोडी मारावी तसे ठोके. अकराच्या सुमाराला लाल दिवा लागला आणि तो गप्प झाला. जुन्याचा गाळ नव्याच्या पोटात जाऊन बसला होता.

पहिले पाहुणे तेव्हाच दारात आले.

आता घर तापवणारा जुना एकटाच, आणि त्याला दर अर्ध्या तासाला खायला लागायचं. रादिवोय मेणबत्तीपाशी उभा. यजमान कसा हलणार? म्हणून मासे वाढून ल्युबिंका मागे, लाकडं घालून पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेनंतर तिने एप्रन बदलायचं सोडून दिलं.

दोनला फेरी आला. तो हंगेरियन, कॅथलिक, पण दरवर्षी वाइनची बाटली घेऊन यायचा. त्याने जेमतेम पहिला घास घेतला, तेवढ्यात झागोर्काने सुरुवात केली.

"मिस्त्री, तुम्ही धुतलंत आणि दहा दिवसांत बॉयलर बंद? माझ्याकडे बुधवारी येताय ना? नका येऊ."

"बंद?" फेरीने रादिवोयकडे पाहिलं.

रादिवोयने फेरीचा ग्लास काठोकाठ भरला, नजर ग्लासावरच. "धुतल्यापासूनच काहीतरी बिनसलं होतं. बरं झालं, जुना ठेवला. नाहीतर आज तुम्ही सगळे कुडकुडला असता!"

टेबलावर बारा माणसं होती. त्यातली सात फेरीची गिऱ्हाइकं. कोपऱ्यातला बेकरीवाला म्हणाला, "मग मीही जरा थांबतो." फेरीचा काटा हातातच राहिला.

ल्युबिंका दारात उभी होती. गप्प राहिलं तर फेरी बदनाम होतो, पण येऊन फुकट दुरुस्त करतो. नवऱ्याची अब्रू राहते. झागोर्का कोटाशिवाय खूश. आणि जुना बॉयलर जन्मभर तिथेच राहतो, कारण आता तो पाहुण्यांच्या साक्षीने उपयोगी ठरला. तोंड उघडलं तर स्लावाच्या दिवशी, पेटत्या मेणबत्तीसमोर, यजमानाची शोभा. भांडायची तिच्यात ताकद नव्हती. तिला फक्त बसायचं होतं.

"रादिवोय," ती म्हणाली, "तुझा पाना अजून त्या व्हॉल्व्हलाच अडकलाय. लाकडं घालताना दर वेळी कोपराला लागतो माझ्या. कुठे ठेवू?"

फेरी उठून मागे गेला. परत आला तेव्हा बोटं काळी होती.

"सूनबाई," झागोर्का म्हणाली. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी ती हेच म्हणायची. "आजच्या दिवशी हे सांगायलाच हवं होतं का?"

"पाना कुठे ठेवायचा तेवढंच विचारलं मी."

"नव्याची आतली, पाणी तापवणारी प्लेट गेली," फेरी म्हणाला. "बहुतेक पंपही. पुन्हा सगळं धुवायचं. आणि या वेळी जुना कापणार, शेजारी. नाहीतर दुसरा मिस्त्री बघा."

रादिवोय बाटली हातात धरून उभा होता. बसताही येईना, जाताही येईना. "काप," तो म्हणाला. "कधी येतोस?"

"आता नवीन वर्ष, मग सात जानेवारीला तुमचा नाताळ. पार्ट सोळा जानेवारीच्या आत यायचा नाही."

"तोवर?"

ल्युबिंका लाकडं घालायला गेली.

शेवटी भरणा असा झाला. प्लेट आणि पंप रादिवोयने भरले. भंगारवाल्याने जुन्याचे दिले ते त्यातच गेले. फेरीने दुसऱ्या धुण्याची अर्धी मजुरी सोडली, कारण बुधवारचं काम आणि बेकरीवाला दोन्ही त्याला परत मिळाले. झागोर्काने काहीच भरलं नाही; उलट अक्रोडाचा केक बांधून नेला आणि ईस्टरपर्यंत ल्युबिंकाशी अबोला धरला, जो ल्युबिंकाला फारसा महाग पडला नाही. एकोणीस डिसेंबर ते सोळा जानेवारी, एकोणतीस दिवसांची लाकडं आणि राख, ल्युबिंकाने भरली.