जाऊबाईची विहीर

आण्याच्या पठारावर प्यायच्या पाण्याची मारामार, आन् साळुबाईच्या सुनंनं घरात समुद्र आणून ठिवला व्हता. खोटं वाटत आसंल तर शेजारच्या लंकाबाईला इचारा. तिनं पहिल्याच दिवशी काचंच्या टाकीला नाक लावलं व्हतं. "साळू, लोकांना गोडं पाणी मिळंना, आन् तुझी सून हाय ते मापून मापून खारट करती व्हय?"

"अलिबागची पोर हाय. म्हायेर हाय तिचं ते," साळुबाई म्हणली. "तू नाक काढ आदी, काच धुरकाटली."

सून म्हंजी वृषाली. मागच्या साली साळुबाईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं, तवा महिनाभर दिवसातून चार डाव थेंब वृषालीनंच घातलं. "आता मला हितनं पार तिकडच्या मढ गावातली म्हैस दिसती, तिच्या कानातली गोचीड बी दिसती," म्हातारीनं कितीबी सांगितलं, तरी पोरीनं येक थेंब चुकू दिला न्हाई. ह्ये उपकार फेडावं कसं, तेच साळुबाईला उमजत न्हवतं.

येक दिवस मुंबईहून वाळूचं पोतं आलं. मागनं मासा यायचा व्हता, वाळूत बीळ करून ऱ्हाणारा. वृषाली त्याला जॉफिश म्हणायची. साळुबाईला ऐकू आलं जाऊफिश. "बरं झालं," ती म्हणली, "चाळीस वर्सं ह्या घरात मला जाऊ न्हवती. आली येकदाची."

वृषाली कामावर गेली आन् साळुबाईनं पोतं सोडलं. बघती तर वाळूत खडं, शिंपल्यांचं तुकडं. पोरीला फसवलं की त्या मेल्या दुकानदारानं. तिनं चाळण घेतली, सूप घेतलं, आन् दोन दुपारी वसरीवर बसून बाजरी निवडावी तशी ती वाळू निवडली. साखरंवाणी केली. खडं बिस्किटाच्या डब्यात भरून ठिवलं. सून इचारील, मग ऐटीत सांगू, म्हणून गप ऱ्हायली.

सुनंनं इचारलंच न्हाई. "या वेळी वाळू फार बारीक दिलीय," येवढंच म्हणली आन् टाकीत वतली.

जाऊबाई आली. बोटायेवढी, पिवळ्या डोक्याची, डोळं वटारल्यालं. आल्या आल्या कामाला लागली. तोंडात वाळू भरायची, लांब जाऊन थुकायची. चार बोटं खोल गेलं की बीळ ढासळायचं. परत उकरायची, परत ढासळायचं. तिसऱ्या दिवशी तिनं खाणं सोडलं. कोपऱ्यात पडून ऱ्हायची, भेदरली की उडी मारून वरच्या जाळीवर आपटायची.

साळुबाईचा मालक चांगदेव. जन्म गेला विहिरी खणण्यात आन् बांधण्यात. तो टाकीम्होरं लई येळ बसला आन् म्हणला, "खणती चांगली. पर नुसत्या वाळूत विहीर टिकंल का? बांधायला दगूड नको?"

साळुबाईची भाकर तव्यावर करपली.

तेवढ्यात वृषालीनं दुकानदाराला फोन लावला. "बीळ झालं नाही तर हा मासा धास्तीनंच मरतो, भाऊ. तुम्ही वाळू नाही, पीठ पाठवलंत." तिकडून तो आईच्या शपथा घेत व्हता. फोन ठिवला तवा पोरीचं डोळं भरलं व्हतं.

साळुबाई डबा घिऊन आली. जिभेला सवय, गोष्ट सुरू झालीच. "आगं, ह्ये येकदा विहीर खणत व्हते. येवढी खोल गेली, की खालून कुणीतरी वरडलं, खडं टाकू नका, हितं पंगत बसलीय..."

"आई, आत्ता नको."

साळुबाई थांबली. गोष्ट अर्ध्यावर सोडायची तिची ही पहिलीच येळ. "बरं, मग खरं सांगती. खडं म्या निवडलं. त्या दुकानदाराचा काय दोष न्हाई."

वृषालीनं डबा उघडला. खड्यांत बोटं घातली. ज्वारीच्या दाण्यायेवढं तुकडंबी सुटलं न्हवतं. "आख्ख्या पोत्यातले? सगळे?"

"तूच डोळं दिलंस की. येक न् येक दिसत व्हता. म्हणलं, पोरीसाठी कायतरी करावं."

वृषाली तोंडावर हात ठिवून बसली. रडती का हसती, कळंना. मग उठली, टाकीतलंच खारं पाणी घिऊन खडं धुतलं आन् म्हणली, "घाला. तुमच्याच हातानं घाला."

साळुबाईनं बांगड्या काढून ठिवल्या, खांद्यापर्यंत हात घातला आन् बिळाच्या जागंभवती खडं सोडलं. हळू, देवाम्होरं तांदूळ ठिवल्यागत. मग तिघं बसली बघत. दुपार सरली, च्या झाला. जाऊबाई हलंना.

उन्हं कलली तवा ती कोपऱ्यातनं निघाली. येक शिंपला तोंडात धरला, टाकला. दुसरा धरला, फिरवला, आन् बरोबर कडंला बसवला.

"जमतंय," चांगदेव म्हणला. "चिरा पारखून घेती."

दिवेलागणीला जाऊबाई उंबऱ्यात बसल्यागत बिळातनं डोकं काढून बसली व्हती. वृषालीनं टाकल्यालं खाणं तिनं गपकन घेतलं.

वृषालीनं परत फोन लावला. "भाऊ, चुकलंच. वाळू बरोबर होती. काय आहे, आमच्या आईंचे डोळे फार चांगले झालेत."

साळुबाईनं तेच डोळं पदरानं पुसलं. सून तिच्याजवळ येऊन खाली बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"आई, त्या विहिरीतल्या पंगतीचं काय झालं पुढं?"

"पंगत व्हय?" साळुबाई सावरून बसली. "आगं, ह्यांनी वरनं इचारलं, जेवायला काय हाय? तर खालून म्हणलं..."

जाऊबाईबी काचंतनं ऐकत व्हती.