लुसिएन बाईंचा पियानो

जर्मनांच्या अमदानीत फ्रान्समधलं ल हाव्र शहर उपाशी होतं. तेव्हा ओझान या शेतकरणीने पियानो शिकवणाऱ्या लुसिएन बाईंचा पियानो घेतला होता, खारवलेल्या डुकराच्या दोन मांड्या आणि पोतंभर बटाट्यांच्या बदल्यात. तिला वाजवता येत नव्हतंच. त्यावर कोंबड्या बसायच्या.

लढाई संपून दोन वर्षं झाली, तरी त्या सौद्याचा सल तिच्या मनातून जाईना. शेवटी पियानो घोडागाडीत घालून तिने बाईंना शोधून काढलं. बाँबनी घर गेलेल्या बाई लाकडी बराकीत राहत होत्या.

"तुमचा पियानो परत आणलाय. लुटलंच मी तुम्हाला," ओझान म्हणाली.

"अहो, ठेवू कुठं? इथं पलंगसुद्धा दाराला लागतो!" बाई हसल्या. मग गाडीवर चढून त्यांनी उभ्यानेच थोडं वाजवलं आणि झाकण हलकेच मिटलं.

"राहू दे तुमच्याकडेच. त्या मांसावर आईने तो हिवाळा काढला. वसंतात गेली बिचारी. तुमचे उपकारच आहेत."

यापेक्षा बाईंनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं ओझानला झालं. त्या हिवाळ्यात तिच्या तळघरात आणखी अकरा मांड्या टांगलेल्या होत्या. ते न सांगताच तिने घोडा वळवला.